पुस्तकातली भुताळी

कमळी : तू हे वाचलंयस का, तेवढं सांग.

उमेश : कमळीमावशी, तक्रार पुस्तकाबद्दल आहे. माझ्या वाचण्याबद्दल नाही.

कमळी : म्हंजे नाय वाचलं.

उमेश : चाळलंय. शाळेची लायब्ररी माझ्या गळ्यात आहे खरी, पण कपाटात चारशे पुस्तकं आहेत. डहाणूच्या प्रदर्शनातून एका दुपारी उचलून आणली. कव्हरं बघून.

कमळी : कव्हरवर पोर झाडूवर बसून चाललीय. ते बघून उचललंस?

उमेश : मला वाटलं, स्वच्छता अभियानाचं असेल.

कमळी : सात वर्सं होस्टेलात माझ्या हातची पेज प्यालास, शिकलास, सर झालास. नि झाडूवर बसून कोण झाडतं, येवढं नाय कळलं?

उमेश : हळू बोल ना. बाजूला स्टाफरूम आहे. परत करायला आलीस ना? दे. खालच्या कप्प्यात ठेवतो, विषय संपला.

कमळी : परत कराय नाय आले. खोडाय आले. तुझ्या वहीत माझ्या नातीचं नाव हाय ना, हर्षदानं पुस्तक नेलं म्हणून? ते खोड. रविवारी मला हे जाळायचंय.

उमेश : जाळायचंय?

कमळी : प्रार्थना घेतात ते ब्रदर बोलले. प्रार्थना झाली की अंगणात. ज्याच्या घरी जादूटोण्याचं पुस्तक असेल त्यानं आपल्या हातानं टाकायचं. आख्ख्या झरी पाड्यात पुस्तक माझ्या एकटीच्या घरी. बाकीच्यांकडं कॅलेंडर.

उमेश : पण ब्रदरना कळलं कसं?

कमळी : शुक्री. आमच्या कुडाच्या भिंतीपलीकडं तिचीच चूल. हर्षदा संध्याकाळी मला वाचून दाखवते, मी भाकऱ्या थापते. पुस्तकात चेटकीण, चेटकीण. मी इचारलं, चेटकीण म्हंजे कोण गं? ती बोलली, आजी, आपल्याकडची भुताळी. मंग तिनं मला कळावं म्हणून चेटकीण काढली नि भुताळी घातली. भिंतीतनं शुक्रीला काय ऐकू गेलं? भुताळी उठली, भुताळीनं मंतर म्हणला. नि मधेच, आजी, ऐकतेस ना?

उमेश : अरे देवा.

कमळी : शुक्रीकडनं निघालं तवा 'कमळीच्या घरात भुताळीची गोष्ट' होती. विहिरीवर गेलं तवा 'कमळी पोरीला भुताळीचं शिकवते.' प्रार्थनेला पोचलं तवा नुसतं 'कमळी भुताळी'. मधले शब्द वाटेत सांडले.

उमेश : पण मावशी, ती सगळी ख्रिस्ती माणसं. असलं आता कोण मानतं?

कमळी : भगताकडं जायचं सोडलं. भ्यायचं कुठं सोडलं? मागल्या शुक्रवारी ब्रदरनं डोळे मिटून हात फिरवला नि तो माझ्या डोक्यावर थांबला. तू होतास की. दुसऱ्या रांगेत.

उमेश : होतो.

कमळी : आमेन पण बोललास.

उमेश : सगळेच म्हणत होते.

कमळी : 'पुस्तक मी आणलं', ते नाय बोललास.

उमेश : ...मावशी, तुला जाळायचंच आहे ना? जाळ. मी 'फाटलं' असं लिहितो. तोंडं बंद होतील.

कमळी : होतील? जाळलं तर बोलतील, बघा, होतं म्हणून जाळलं. नाय जाळलं तर बोलतील, बघा, ठेवून घेतलं. तू शिकलेला हायेस. मला एक गाठ सोडवून दे, मंग काय ते लिव.

उमेश : बोल.

कमळी : मी नऊ वर्सांची होते. पाड्यात दोन बैल मेले, एक पोर तापानं गेलं. बाळ्या भगतानं सुपात तांदूळ टाकले. दाणे म्हणे आमच्या घराकडं वळले. माझी आयस भुताळी ठरली. दगड मारून हाकललं. दोघी येऊन मिशनच्या फाटकात बसलो. तवाच्या फादरनी पहिला काय इचारलं? नाव. सहा महिने तिला कोणी नावानं हाकारलं नव्हतं, तिला आठवाय वेळ लागला. मंग बोलली, रूपी. फादर बोलले, रूपी, भुताळी असं जगात काय नसतं. त्या एका वाक्यावर मी ख्रिस्ती झाले. बाकीचं सगळं मागनं शिकले.

उमेश : हे मला माहीत नव्हतं.

कमळी : पेज वाढताना सांगायचं असतं होय? आता ब्रदर बोलतात, भुताळी असते, शास्त्रात लिवलंय, म्हणून पुस्तक जाळा. तर तू सांग. नसते, तर जाळायचं कशाला? नि असते, तर माझी आयस कोण होती?

उमेश : ते असं आहे... शास्त्रात उल्लेख आहे, हे खरं. पण तो त्या काळाचा... आणि ह्या पुस्तकातली तर नुसती कल्पना आहे, मावशी.

कमळी : भगताची पण कल्पनाच होती. दगड तेवढे खरे.

उमेश : मग फादर बरोबर.

कमळी : म्हंजे ब्रदर खोटे?

उमेश : खोटे कसे म्हणू? त्यांच्या प्रार्थनेनं माझ्या आईचा गुडघा बरा झाला.

कमळी : दोन्ही?

उमेश : उजवा.

कमळी : हां.

उमेश : मी एक करतो. खाकी कागदाचं कव्हर घालतो, वर 'बोधकथा' लिहितो. कोणाला कळणारही नाही.

कमळी : नि माझ्या आयशीला कसलं कव्हर घालशील?

उमेश : मला खरंच काही कळत नाही, मावशी.

कमळी : चला, दोघं झालो. ह्या पुस्तकात शेवटी तिचं काय होतं? हाकलतात?

उमेश : सांगितलं ना, वाचलं नाही.

कमळी : ब्रदरनी?

उमेश : नसेल.

कमळी : शुक्रीला वाचता येत नाय, मला येत नाय. बोलणारे चाळीस, वाचणारी एक. बोलव तिला.

(हर्षदा येते. टेबलावरचं पुस्तक बघून दारातच ओरडते.)

हर्षदा : सापडलं! आजी, परवापासून शोधतेय. तांदळाच्या कणगीत पण हात घालून बघितला.

कमळी : मीच लपवलं होतं. कुठवर आलीस?

हर्षदा : तुला वाचून दाखवलं त्याच्या पुढं. पान एकशे बारा. गाय मरते तिथवर.

कमळी : गाय मरते?

हर्षदा : गिरणीवाल्याची. सगळे म्हणतात हिनंच मारली. हिनं नाही गं मारली, ही तर तिला पाला चारायला गेलेली. आता सगळे कंदील घेऊन तिच्या दारात आलेत.

कमळी : मंग?

हर्षदा : मग तू पुस्तक लपवलंस.

उमेश : हर्षदा, खरं सांग हं. हे वाचून तुला जादू... म्हणजे करून बघावीशी वाटते का?

हर्षदा : सर, तिची जादू सारखी फसते. तिला साधा भात नीट जमत नाही.

उमेश : मग वाचतेस कशाला?

हर्षदा : तिला ठेवतात की हाकलतात, ते बघायला.

कमळी : उमेश, खोडू नको. तारीख वाढव.

उमेश : आणि रविवारी?

कमळी : जाईन ना. देव काय ब्रदरच्या एकट्याचा हाय? रिकाम्या हातानं जाईन. इचारलं तर सांगेन, अजून वाचून व्हायचंय.

उमेश : सगळे वळून बघतील तुझ्याकडे.

कमळी : मी नऊ वर्सांची असल्यापासून बघितलंय, माणसं वळली की कशी दिसतात. तू कुठल्या रांगेत बसणार, तेवढं सांग.

उमेश : मला जरा विचार करू दे.

कमळी : कर. चार दिवस हायेत. तवर ती खिडकी उघड.

उमेश : स्टाफरूममध्ये ऐकू जाईल.

कमळी : जाऊ दे. ह्या टायमाला आख्खं जाऊ दे. मधले शब्द सांडाय नको.

उमेश : ...थांब. कडी गंजलीय. हं, उघडली.

कमळी : हर्षदा, बस. एकशे बारा.

हर्षदा : मोठ्यानं? बरं. 'दारात माणसं उभी होती आणि आत एकटी...' आजी, इथं चेटकीण लिहिलंय. चेटकीणच वाचू, की आपलं भुताळी?

कमळी : तिला नाव नाय काय?

हर्षदा : आहे ना.

कमळी : मंग नावानं वाच.