तिथे थांबायचं

(शिकागो. दुपार. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी फेस्टस आणि मायदेशातल्या गावाहून आलेली त्याची पुतणी नोरीन, दोघांच्या हातांत फिडल, म्हणजे व्हायोलिन.)

फेस्टस : पुन्हा थांबलीस! अगं, नाचणाऱ्यांनी काय पाय हवेत धरून उभं राहायचं?

नोरीन : ती जागाच थांबायची आहे, काका.

फेस्टस : कुणी सांगितलं?

नोरीन : तुम्हीच. इथून पाठवलेल्या कॅसेटवर तसंच वाजवलंय. अख्खं गाव तसंच वाजवतं. न थांबता कुणी पुढे गेलं, की बाबा त्याला चहा द्यायचे नाहीत.

फेस्टस : तुझा बाप मॅलकी पहिल्यापासून तसलाच. धाकटा, पण तोरा थोरल्याचा! अगं, चूक होती ती. वरच्या पोलिश बाईनं झाडू आपटला, माझा गज तारांवर अडखळला. आणि तुम्ही त्या चुकीची पूजा मांडलीत!

नोरीन : झाडू ऐकू येत नाही. तुमचा खोकला येतो, खुर्चीची करकर येते. त्या जागी नुसती खरखर. ऐकून ऐकून कॅसेट झिजलीय ना.

फेस्टस : चहा घे. तूच आणलेला आहे, इथल्या चहाला रंग चढत नाही.

नोरीन : काका, बाबांना जाऊन परवा महिना होईल. इथल्या चर्चमध्ये त्यांच्या प्रार्थनेला आपण दोघांनी ही धून वाजवायची, एवढंच त्यांनी मागितलं होतं. तुम्ही तिकडे येणार नाही, म्हणून मी इकडे आले.

फेस्टस : वाजवीन. थांबणार नाही.

नोरीन : आजीच्या मातीलाही तुम्ही आला नाहीत.

फेस्टस : कागद नव्हते माझ्याकडे. गेलो असतो तर परत येऊ दिलं नसतं. मॅलकीनं सांगितलं नाही तुला?

नोरीन : त्याबद्दल बाबा अवाक्षर बोलायचे नाहीत.

फेस्टस : नाहीच बोलणार. मलाही कुठे पत्र लिहिलं? त्यानं मला माफ केलं नाही, नोरीन. तसाच गेला.

नोरीन : झाडू खरंच आपटला होता?

फेस्टस : ...नाही. आईला दुपारी बाराला पुरणार होते. तिकडे बारा, म्हणजे इथं सकाळचे सहा. त्याच वेळेला मी वाजवायला बसलो. निदान फिडल तरी हजर असावं म्हणून. मध्येच भिंतीवरचं घड्याळ वाजायला लागलं आणि हातच चालेना. रडलो, काय सांगू. ठोके संपल्यावर पुढचं वाजवलं, कॅसेट पाकिटात घालून पाठवून दिली. चिठ्ठी लिहायला धीर झाला नाही. झाडूचं नंतर रचलं.

नोरीन : काका...

फेस्टस : राहू दे. किती वेळ थांबता तुम्ही तिकडे?

नोरीन : सहा. बाबा पायानं सहा ठोके द्यायचे. सहाच का, विचारलं तर म्हणायचे, मोज आणि गप्प बस.

फेस्टस : सहा?

नोरीन : सहाच. पोरांना पहिल्या दिवशी तेच शिकवायचे.

फेस्टस : म्हणजे ऐकू आलं होतं त्याला.

नोरीन : कॅसेट तेव्हा नवी होती.

फेस्टस : उचल फिडल. पहिल्यापासून घेऊ. ठोके मी मोजतो.