घासलेले दगड

गेशे : ...आणि ही बादली. झाकण काढून बघ. एकेक दगड किती वेळ घासलाय मी.

च्यार्ड : घासलाय म्हणजे?

गेशे : म्हणजे घासलाय. गरम पाणी आणि हा ब्रश. शनिवारी तू आणून ठेवलेस तेव्हा काय अवतार होता त्यांचा. तपकिरी, बुळबुळीत, आणि वास असा की शेजारीण विचारायला आली. एका भोकातून तर अळी आली, चांगली बोटभर. अडतीस वर्षं इस्पितळाची धुलाई सांभाळली मी, च्यार्ड. असलं काही घरात ठेवून मला झोप लागते होय? आता बघ, कसे पांढरेशुभ्र झालेत.

च्यार्ड : बसतो जरा.

गेशे : बस. कॉफी ओतते. तोंड का पडलं तुझं?

च्यार्ड : बादलीतली मोटर बंद केलीत तुम्ही?

गेशे : नुसती घुं घुं करत होती. दगडांना कशाला हवी मोटर?

च्यार्ड : चूक माझीच आहे, बाई. शनिवारीच सांगायला हवं होतं, पण बादली ठेवली आणि पळालो. आता ऐका. ही माशांची टाकी साठ लिटरची. खारं पाणी मी कालवून आणलंय. ही मोटर पाणी फिरतं ठेवणार. आणि हा डबा टाकीच्या कडेला अडकवायचा, यात कापूस. एवढंच सामान.

गेशे : म्हणजे डबा पाणी साफ करणार.

च्यार्ड : डबा नुसती गाळणी. तरंगणारा कचरा अडवतो, कापूस दोन-तीन दिवसांनी बदलला की झालं. पण माशांच्या घाणीतून जे विष होतं ते पाण्यात विरघळलेलं असतं. ते कापसात अडकत नाही. दगडांवर, दगडांच्या भोकाभोकांत बारीक जीव असतात, डोळ्यांना न दिसणारे. ते खाऊन टाकतात ते विष. तुमच्या भावाकडे, लुप्पोकडे, तेच चालायचं. दगड हाच फिल्टर.

गेशे : आणि ते जीव मी घासून काढले.

च्यार्ड : हो.

गेशे : सगळे?

च्यार्ड : गरम पाणी होतं ना. फारसं काही उरलं नसेल.

गेशे : किती वर्षं होते हे त्याच्याकडे?

च्यार्ड : एकोणीस. घर रिकामं करताना मासे आणि पोवळी आमच्या मासे पाळणाऱ्यांच्या क्लबातल्यांनी वाटून घेतली, हे दगड तेवढे त्याच्यासाठी बाजूला काढले.

गेशे : माझ्या भावाला आता चार शब्द येतात, च्यार्ड. हो, नाही, गेशे, आणि दगड. त्या अर्धांगाच्या झटक्यानंतर सहा आठवडे तोंडातून आवाज नव्हता. मी विचारलं, लुप्पो, माझ्याकडे राहायला येताना घरातलं काय काय आणायचं? रेडिओ? खुर्ची? आईचं घड्याळ? प्रत्येकाला नाही. मग म्हणाला, दगड. शुक्रवारी येतोय तो. एवढी एकच गोष्ट मागितली होती रे त्याने.

च्यार्ड : त्याला सांगू नका. हेच लावून ठेवू. मी म्हणेन, जागा बदलली की रंग उडतो.

गेशे : एकोणीस वर्षं रोज बघितलेत त्याने. हात गेलाय त्याचा, डोळे नाही गेले. मीच सांगेन. चिडू दे. चार शब्द आहेत, चारही माझ्यावर खर्च करील.

च्यार्ड : वाईट वाटून घेऊ नका. अहो, मीसुद्धा टाकी मारलीय. अकरा वर्षं झाली. मी सुट्टीवर, इकडे टाकीचा हीटर चालूच अडकून बसला आणि आतलं सगळं शिजलं. रडायचाच बाकी होतो. दुसऱ्या दिवशी लुप्पो दारात उभा, हातात ओला टॉवेल, आत त्याच्या टाकीतला एक दगड.

गेशे : काय म्हणाला?

च्यार्ड : काही नाही. कॉफी आहे का, म्हणाला. क्लबात पद्धतच आहे ती. आपल्या टाकीतलं काही वाढलं की तुकडा दुसऱ्याला द्यायचा. एकाकडे मेलं तरी दुसऱ्या कुणाकडे जिवंत असतं.

गेशे : मग तो दगड?

च्यार्ड : आहे की. माझ्या टाकीत, मधोमध.

गेशे : म्हणजे लुप्पोचा दगड, जीवांसकट?

च्यार्ड : मला कसं आधी सुचलं नाही. ती कॉफी झाकून ठेवा. पाऊण तासात आलो.

(पाऊण तासाने. च्यार्डच्या हातात ओला टॉवेल.)

गेशे : ईऽ. हा तर माझ्यापेक्षा घाण आहे. म्हणजे माझे होते त्यापेक्षा.

च्यार्ड : असाच हवा. द्या, सरळ पाण्यात. मोटर लावा. हं. शुक्रवारी टाकीत हा एकटाच असेल. तुमचे पांढरे दगड बादलीत राहू देत, त्यांचं पाणी मी येऊन बदलत जाईन, आत मेलेलं सगळं निघून जायला हवं. मग एकेक याच्या शेजारी मांडायचा. याच्यावरचे जीव हळूहळू त्यांच्यावर सरकतात. दीड महिना तरी मासा नाही. मी पाणी तपासून सांगेन तेव्हाच.

गेशे : आणि ते पुन्हा तसेच होतील? तपकिरी?

च्यार्ड : वर्षभरात ओळखूही येणार नाहीत.

गेशे : तुझ्या टाकीत मात्र आता मधोमध खड्डा पडला.

च्यार्ड : पुढच्या वर्षी तुमच्याकडनं एक नेईन.

गेशे : लुप्पो स्वतः निवडून देईल. बोट दाखवेल. अरे, ते बघ, भोकातून काहीतरी डोकावतंय.

च्यार्ड : अळी आहे. राहू द्या.

गेशे : राहू दे म्हणतोस. बरं. आणि मी रोज काय करायचं?

च्यार्ड : पाणी उडून जाईल तेवढं मी दिलेलं गोडं पाणी घालायचं. पेलाभर लागेल. बाकी काही करायचं नाही.

गेशे : काहीच नाही?

च्यार्ड : लुप्पोशेजारी बसायचं आणि बघायचं.

गेशे : च्यार्ड, जाताना हा ब्रश घेऊन जा. घरात असला तर मला राहवायचं नाही.