माझा बॉल गुरुजींनी आणला

आमी सिद्धेश्वर धरणाकडच्या तांड्यावरचे. आजे-पणजे बैलांवर मीठ-धान्य लादून मुलूखभर फिरायचे, मी आपला सोयाबीनच्या रानातून वेळ काढून बॉलिंग करायचो. उन्हाळ्यात धरणाचं पाणी मागं सरतं ना, ती उघडी पडलेली जमीन म्हणजे आमचं मैदान. तिथं आमचा एक कायदा, ज्याच्या बॉलवर सिक्स बसला त्यानंच पाण्यात शिरून बॉल आणायचा, मग तो कोणी का असंना.

जवळा बाजारच्या टीमनं मला मागितलं, व्हय, मागितलं, त्यांचा बॉलर पुण्याला कंपनीत लागला म्हणून. तांड्यावरचे दोस्त लई चिडले, म्हणले, जातूस तर जा, पण मार खाऊन परत आलास तर आमच्यात जागा न्हाई. याडी, म्हणजे माझी माय, एवढंच म्हणली, जेवून जा. पहिली मॅच बाजाराच्या दिवशी. काय सांगू तुमाला, एवढी माणसं, लाऊडस्पीकरवर माझं नाव, अंगावर त्यांची निळी जर्सी, मी नुसता पाहतच राहिलो.

पहिला बॉल वाईड. दुसराबी वाईड. मग असा सिक्स बसला का बॉल थेट मैदानाला लागूनच्या बाजारात, भाजीच्या पालांत, अन् मी पळालो ना बॉलच्या मागं. सवयच ती. टमाट्याच्या ढिगातून बॉल हुडकून आणला तर सारं मैदान हसून राहिलं, लाऊडस्पीकरवाला म्हणला, बॉलर बाजार करून आले. पुढच्याच बॉलला पुन्हा सिक्स, अन् मी पुन्हा पळालो, पाय ऐकंचनात. कॅप्टन म्हणला, याला काहून आणलं, ते मला ऐकू आलं. मनात म्हणलं, सरलं, आता इकडंबी न्हाई अन् तिकडंबी न्हाई.

पुन्हा सिक्स बसला, मी निघालोच होतो, तर कीपरनं माझा दंड धरला. कीपर म्हणजे आमचे गुरुजी, सकाळी महादेवाची पूजा करतेत, दुपारी कीपिंग, पन्नाशीचा माणूस, सारा बाजार त्यांच्या पाया पडतो. म्हणले, अंकुश, काहून पळून राहिलास तू? मी आमचा कायदा सांगितला. ते हसले न्हाईत. ग्लोव्हज काढून माझ्या हातात दिले, म्हणले, तू दम खा, अन् स्वतः पळाले हो. गुरुजी, धापा टाकीत, भाजीच्या पालांमधून. हसणारं मैदान गप झालं. बॉल आणला, आपल्या जर्सीला पुसला, माझ्या हातावर ठेवला, म्हणले, आता टाक. मला अजून खरं वाटत न्हाई, एवढा मोठा माणूस माझ्यासाठी पळाला.

टाकला. मधला दांडा उडाला. मॅच हारलोच आमी, पण मला परत जा असं कोणी म्हणलं न्हाई.

यंदा कळमनुरीकडचा एक नवा बॉलर टीममध्ये आला. पहिल्याच बॉलला सिक्स बसला, तर मान खाली घालून उभा. मी बाऊंड्रीवरून बाजारात पळालो. गुरुजींचे गुडघे आता लई तकलीफ देतेत, खुर्चीवर बसून मॅच पाहतेत. महादेव त्यांना सुखात ठेवो. त्यांच्या वाटचं मी पळतो.