होळीचे उरलेले फुगे

हॅलो?… हां अर्चना, बोल. चिडले नाहीये गं, बाल्कनी पुसतेय. सकाळपासून तिसऱ्यांदा. ही वाळवंटातली वाळू भाडं न देता राहते इथे.

…हो, आमच्या सान्वीच्या वर्गातलंच प्रकरण. तिघी होत्या. पाण्याचे फुगे, पीटीच्या सरांवर… हो, नेमके त्यांच्यावरच.

…शिक्षा? छे, आपल्या शाळेत शिक्षा नसते. ओरिएंटेशनला दोन तास ऐकलंय ना आपण, पॉझिटिव्ह बिहेवियर. पोराने रांग मोडली तरी आधी त्याच्या भावना विचारायच्या.

…हो, हो… अगं ऐक ना. एमिलीला, त्या लंडनवालीला, काउन्सेलरने हॉट चॉकलेट पाजलं. वर खरं बोलली म्हणून हिरवा स्टार. आमच्या सान्वीला पिवळं कार्ड. आणि सुदानची यम्ना तीन दिवस घरी… सस्पेंड नाही म्हणायचं. होम रिफ्लेक्शन.

…एनर्जी जास्त आहे तिच्यात? मिस म्हणाल्या? बरं. एमिलीचा फुगा सरांच्या टकलावर फुटला, ती काय शांत स्वभावाची?

…सगळ्या पालकांतर्फे थँक यू मेसेज? शाळेला, ठाम पाऊल उचलल्याबद्दल?… आणि पालक प्रतिनिधी म्हणून खाली माझं नाव…

…उंच आहे, आवाज मोठा आहे. अजून?… 'त्यांच्यात' म्हणजे कुणात गं? तिचे बाबा डेंटिस्ट आहेत. तुझी अक्कलदाढ त्यांनीच काढली.

…नाही, तू ऐक आता. फुगे माझे होते. होळीला मीना बाजारातून आणलेले. उरलेलं पाकीट मीच ड्रॉवरमध्ये टाकलं, सान्वीने दप्तरात घातलं. कल्पना तिचीच, नळावर भरले तिनेच. यम्नाने एकच मारला, तोही भिंतीवर.

…कुठे सांगितलं शाळेला? सुजीत म्हणाला, आपल्या पोरीचं प्रकरण खलास झालंय ना, आता कशाला उकरायचं. मी पिवळ्या कार्डावर सही केली आणि सुटले म्हणून चहा टाकला.

…मेसेज? नाही टाकणार. अकराला प्रिन्सिपॉलची वेळ घेतलीय. फुग्यांचं पाकीट पर्समध्ये आहे.

…सान्वीचं नाव खराब होईल, माहितीये. यम्नाचं झालंय ते?

…काय बोलणार म्हणजे? फुगे तेच, सर तेच. मग यम्नाच घरी का, एवढंच विचारणार.

…नाही गं, एनर्जी नाही. उंचीही नाही. दोन दिवस मीही तेच बोलतेय सगळ्यांशी.

…हळू कशाला? घरात मी एकटीच आहे. एमिली गोरी, तिला चॉकलेट. आपली गव्हाळ, तिला कार्ड. यम्ना काळी आहे, अर्चना. म्हणून ती घरी आहे.

…हॅलो?