पोरीच्या डोक्यावरची शपथ

मंडळी, मृदंग जरा थांबू द्या. एक प्रश्न विचारतो, उत्तराची घाई करू नका. शपथ मोडणारा अपराधी, हे आपण सगळेच म्हणतो. पण शपथ घालणारा? त्याला कधी कुणी जाब विचारला? माणूस घसरला तर परत चढायला एक पायरीसुद्धा ठेवायची नाही, अशी शपथ घालणाऱ्याचं काय करायचं?

विचार करा. तोवर गोष्ट ऐका. पुराणातली नाही हो! इथली, फलटणच्या अलीकडची, एका पिठाच्या गिरणीतली. जिची आहे तिनं ‘सांगा’ म्हटलंय, म्हणून सांगतो.

भालूअण्णा शेटे, गिरणीवाले. भुवया पांढऱ्या, मिशा पांढऱ्या — वयानं नव्हे, पिठानं! बायको जाऊन सहा वर्षं झालेली. घरात दोघंच, अण्णा आणि मुलगी वृषाली. हायस्कुलात मराठी शिकवायची. घरात पुस्तकं भिंतभर, आणि बोलणं? चिमूटभर! शिकलेल्यांचं असंच असतं बघा. दुसऱ्याच्या कवितेचा अर्थ तासभर सांगतील, आणि घरच्या माणसाला ‘जेवलात का?’ एवढंच!

तर तो सोमवार. गिरणी बंदचा दिवस. अण्णा दगडाला टाकी लावत बसले होते. दगड झिजून गुळगुळीत झाला की पीठ नीट पडत नाही, मग छिन्नीनं त्याला पुन्हा खरखरीत करायचं. टक्, टक्, टक्. वृषाली दारातल्या पायरीवर वह्या तपासत होती. चार वाजले असतील. चहा झालेला.

‘‘वृषे —’’

‘‘हं.’’

‘‘एखाद्यानं कुणाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली, अन् मोडली... तर ज्याच्या डोक्यावर घेतली त्याला बाधते का गं?’’

लाल पेन थांबलं! मंडळी, तिच्या लक्षात काय काय आलं म्हणता? दोन महिने अण्णांच्या तोंडाला लवंगेचा वास येत होता. पायांवर सूज होती, चपलेचा पट्टा रुतत होता. ती आंधळी नव्हती! तिला कळलं होतं. ‘अण्णा, प्यायलात का?’ — तीनच शब्द! जिभेवर आले, आणि गिळले. का गिळले? कारण विचारलं, आणि ते ‘हो’ म्हणाले, तर?

‘‘असं काही नसतं, अण्णा. अंधश्रद्धा आहे ती.’’

‘‘बरं,’’ अण्णा म्हणाले. आणि टक्, टक्, टक्.

उत्तर बरोबर की चूक? शंभरपैकी शंभर! पण मंडळी, तो माणूस परीक्षेला बसला होता का हो? तो दार वाजवत होता!

आता ही शपथ आली कुठून? चौदा महिने मागं चला. अण्णांचे डोळे हळदीसारखे पिवळे. पोटात पाणी. वीस वर्षांच्या पिण्यानं लिव्हर गेलेलं. दवाखान्यात पंधरा दिवस. डॉक्टर म्हणाले, ‘‘शेटे, यापुढं एक घोटही विष आहे. आणि दर तीन महिन्यांनी येऊन दाखवायचं. चुकवायचं नाही.’’

डॉक्टरांनी औषधं लिहून दिली. पण आपल्याला नुसत्या औषधावर भरवसा असतो का? वृषालीनं काय केलं? एवढी वाचलेली बाई! खाटेवरच बापाचा हात धरला आणि आपल्या डोक्यावर ठेवला. ‘‘माझी शपथ घ्या अण्णा. प्यायलात तर मी मेले असं समजा.’’

अण्णांनी शपथ घेतली.

आणि पाळली! हसू नका, अकरा महिने पाळली! गुत्त्याचा रस्ता सोडून मागच्या ओढ्यानं जायचे. कुणी म्हणालं, ‘‘काय अण्णा, माळकरी झाला का?’’ तर म्हणायचे, ‘‘नाही बाबा, पोरकरी झालोय!’’ रंग उजळला. पोट उतरलं. चैत्रात डॉक्टर म्हणाले, ‘‘शाब्बास! रिपोर्ट चांगला आहे.’’

आणि तिथंच घात झाला. आपल्याला वाटतं, माणूस दुःखात पितो. अहो, दुःखात पितो, आनंदात पितो, आणि दोन्ही नसलं तर कंटाळ्यात पितो! अण्णांना वाटलं, एवढं बरं झालंय, एका पेल्यानं काय होतंय? त्या संध्याकाळी एक पेला घेतला.

एकच! पण घरी येताना काय चढलं? दारू नव्हे, भीती! पोरीच्या डोक्यावर हात ठेवलेला. ‘मी मेले असं समजा’ म्हणालेली. आता हिला सांगायचं कसं? सांगितलं आणि हिला काही झालं तर? ती भीती बुडवायला दुसरा पेला. दुसऱ्याची लाज बुडवायला तिसरा. कळतंय का? जी शपथ त्यांना अडवायला घातली, तीच त्यांना ढकलायला लागली!

वैशाखात वृषालीचा वाढदिवस. ती पाया पडायला वाकली. दरवर्षी डोक्यावर हात ठेवायचे, केसांत पीठ पडायचं, ती झटकायची. यंदा अण्णांनी दोन्ही हात पाठीमागं नेले. लांबूनच, ‘‘सुखी राहा.’’ तिला वाटलं, आजारानं माणूस कोरडा झाला. मनात राग धरला. विचारलं? नाही! दवाखान्याची तारीख आली. अण्णा म्हणाले, ‘‘गिरणीत गर्दी आहे, पुढच्या महिन्यात बघू.’’ रक्त तपासलं की खोटं उघडं पडणार ना! तिनं जोर केला? नाही!

मग तो सोमवार, जो तुम्हाला सांगितला. आणि मंगळवारी सकाळी सात वाजता न्हाणीघरात रक्ताची उलटी. तांब्याभर रक्त. रिक्षात तिच्या मांडीवर डोकं. काहीतरी बोलत होते, ती म्हणाली, ‘‘बोलू नका, दम लागेल.’’ दुपारी बारापर्यंत सगळं आटोपलं.

(विठ्ठल, विठ्ठल.)

आठवड्यानं ती कागद घ्यायला डॉक्टरांकडं गेली. म्हणाली, ‘‘फसवलं त्यांनी मला.’’ डॉक्टरांनी चष्मा काढला. ‘‘बाई, या आजारात पुन्हा घसरणारे पुष्कळ बघतो मी. घसरल्यावर लगेच आले असते, तर रागावलो असतो, पण उपचार केले असते. त्यांनी खरं कुणाला सांगितलं होतं का?’’

सांगितलं होतं. शालनमावशीला. गिरणी झाडायला यायच्या त्या. वृषालीनं विचारलं तेव्हा पदरात तोंड घालून म्हणाल्या, ‘‘म्हणायचे, पोरीला कळलं तर ती जगायची नाही. रोज देवापुढं म्हणायचे, मोडली मी, तर मलाच ने, तिला हात लावू नको.’’

‘‘मावशी! मला का नाही सांगितलंत?’’

‘‘कसं सांगू बाय? मलाबी शपथ घातली हुती की!’’

बघा मंडळी! एका गिरणीतली तीन माणसं, तिघांच्या तोंडाला शपथेची कुलपं, आणि मधल्या मधे एक जीव गेला.

आता तुमच्याकडं वळतो. माना खाली घालू नका, वर बघा! तुमच्यातही कुणाचा भाऊ दारूतून सुटलाय, कुणाचा नवरा सुटलाय. सुटला याचा आनंद माना. पण त्याला सांगून ठेवलंय का, ‘पडलास तर आधी माझ्याकडं ये’? की ‘पुन्हा प्यायलास तर तोंड दाखवू नकोस’ असंच सांगितलंय? ज्याला तोंड दाखवायला बंदी, तो तोंड लपवणारच! आणि लपवलेला आजार दवाखान्यात पोचत नाही हो, सरणावरच पोचतो. वास आला तर विचारा. रागानं नको, हात धरून विचारा. आजच विचारा. तीनच शब्द आहेत.

वृषालीला उशिरा सुचलं. चौदाव्या दिवशी तिनं गिरणी उघडली. लोक दळण घेऊन उभे होते. तिनं बटण दाबलं. केवढा घरघराट! त्या आवाजात आपलं आपल्याला ऐकू येत नाही, म्हणून ती बोलली. जन्मात आवाज न चढवलेली बाई, गिरणीवर आवाज चढवून बोलली. आणि रांगेतल्या प्रत्येकानं ऐकलं.

‘‘अण्णा, प्यायलात ना? मला ठाऊक होतं! मी रागावले नाही. मला काही होत नाही, बघा, मी धडधाकट आहे. या, आत या. आधी दोन घास खा, आणि मग आपण दोघं डॉक्टरांकडं जाऊ.’’