टॉनिकचे दिवस

— नाही हो मॅडम, लॅपटॉपमधला तो पाचचा आकडा आधी पुसा. तुमच्या सर्वेच्या फॉर्मवर विचारलं होतं ना, कोंबड्यांना औषध किती दिवस दिलं — मी लिहिलं पाच. खोटं नाही लिहिलं, शप्पथ. माना टाकायला लागल्या तेव्हा पाचच दिवस दिलं. पण ती पांढरी पावडर — ती मी हिशेबात धरलीच नाही. तिला आम्ही टॉनिक म्हणतो. पिल्लू शेडमध्ये आलं की पहिल्या दिवसापासून पाण्यात टॉनिक. औषध आजाऱ्याला, टॉनिक धडधाकटाला — एवढं साधं! विकणाराही टॉनिकच म्हणतो, मी कशाला डोकं चालवू?

आणि काल — बसा हो, खुर्ची पुसलीय — काल हॉस्पिटलात आमच्या हिचा रिपोर्ट हातात दिला. लघवीतलं इन्फेक्शन रक्तात गेलंय. सात औषधांची नावं, सातांपुढे एकच अक्षर. डॉक्टर म्हणाले, म्हणजे यातलं एकही लागू पडत नाही. चौथं नाव मला पाठ — कसं नसेल? अठरा वर्षं रोज बघतोय, टॉनिकच्या डब्यावर, बारीक अक्षरात. आणि ढवळायचं कोण? हीच. कोपरापर्यंत हात बुडवून. मी म्हणायचो काठी घे — तर म्हणे, काठीला गुठळ्या कळत नाहीत! माझ्या शेडमधूनच आलं का हे, डॉक्टरांना विचारलं. म्हणाले, सांगता येत नाही. तुम्हीही तेच म्हणणार, माहितीये. तरी पाचच्या जागी घाला — बेचाळीस दिवस. हो, विकायच्या सकाळपर्यंत. आता काय लपवायचं.

घातलं? स्क्रीनवरचे हे हिरवे ठिपके म्हणजे औषधाने मरणारे जंतू, लाल म्हणजे न मरणारे — असंच ना? चालवा, माझ्या शेडचे बेचाळीस दिवस. अहो... अहो, थांबवा की! विसाव्या दिवशीच सगळं लाल? मागे नेता येतं? येतं! परत पहिला दिवस, परत हिरवं — नुसत्या एका बटणावर! बरं आहे तुमचं. मला भीती वाटतेय हो मॅडम, फार भीती वाटतेय. यात एक ठिपका बाईचा घालता येईल? म्हणजे रोज हात बुडवणाऱ्या — नको. राहू दे. मिटवा ते.

पिल्लं ओरडतायत, पाण्याची वेळ झाली. टॉनिक? नाही घातलं तर ती माना टाकणार, घातलं तर — ते मला विचारू नका. जाताना दार ओढून घ्या.