परबांची तिरपी झाडं

हसू नका, पण आमच्या फॅक्टरीत झाडं तिरपी लावली म्हणून एका माळ्याची साहेबांपुढे पेशी झाली होती.

लढाईचे दिवस. हुकूम आला, शेड विमानातून दिसायला नको, भोवती झाडं लावा. माळी होते परबकाका, मुंबईचे. तिकडे समुद्राच्या काठानं त्यांनी झाडांची लांब रांग वाढवली होती. इमारतींसाठी ती तोडली, तसे हे नोकरी सोडून जबलपूरला आले.

इथं त्यांनी लावलेलं एकूण एक रोप पश्चिमेकडे झुकलेलं! साहेब भडकले, "ये क्या तमाशा है?"

"साब, तिरछा लगाओ तो समंदर की हवा धीरे धीरे सीधा कर देती है."

"जबलपुर में कौन-सा समंदर?"

साहेबांनी सगळी रोपं सरळ करायला लावली. मग दोन दिवस आम्ही बांबू ठोकून रोपं सरळ करून राहिलो होतो. काका एवढंच म्हणाले, "हाताची सवय रे."

एक रोप मात्र त्यांनी आपल्या क्वार्टरमागे नेलं अन् तसंच तिरपं लावलं. संध्याकाळी सुट्टीचा भोंगा झाला की त्याच्याशेजारी पश्चिमेकडे तोंड करून बसायचे.

एकदा मी म्हटलं, "काहून बसता काका? तो वारा इथं येत नाही."

"मला ठाऊक आहे," काका म्हणाले. "पण याला अजून सांगितलं नाही. एकट्यानं कशी वाट पाहील ते?"